चर्चची मदत म्हणजे दोन दिवसांचे तांदूळ-डाळ?

पावसाळा आला की गोव्यातल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज हटकून फिरतो. 'पूर आला की चर्चवाले दोन दिवस तांदूळ-डाळ वाटतात, तेही आपल्याच माणसांना, बाकीच्यांना बाटवायला. पैसा परदेशातला, हिशेब नाही. घरं उभारतं ते सरकार.' मेसेज पुढे ढकलणारे अनेकजण माझ्या ओळखीचे आहेत, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी 'आपलीच माणसं'. २३ जुलै २०२१ चा पूर आठवा. सत्तरी, डिचोली, फोंडा, धारबांदोडा हे तालुके पाण्याखाली गेले. सत्तरीत ख्रिस्ती वस्ती थोडीच. फक्त ख्रिस्ती घरं शोधायची ठरवली, तर तिथे मदतकार्याला अर्थच उरणार नाही.

बाटवण्याचा संशय कुठून येतो हे मला कळतं. १५६० ते १८१२ इथे पोर्तुगीजांचं इन्क्विझिशन, म्हणजे धर्माविरुद्ध वागल्याच्या आरोपावरून शिक्षा देणारं चर्चचं न्यायालय होतं. त्या काळात देवळं वाचवायला केळशीची शांतादुर्गा कवळ्याला आणि कुशस्थळीचा मंगेश प्रियोळला का न्यावा लागला, हे आपल्याकडे लहान मुलालाही माहीत असतं. पण तो इतिहास आजच्या स्वयंसेवकाविरुद्ध पुरावा ठरत नाही. रेड क्रॉस चळवळ आणि इतर मदतसंस्थांची आपत्तीकाळातली आचारसंहिता १९९४ मध्ये आली, त्यामागे कॅथलिक चर्चच्या जगभरच्या कॅरितास या मदतसंस्थांचा महासंघही होता. मदत धर्म पाहून द्यायची नाही आणि धर्मप्रचारासाठी वापरायची नाही, असं तिच्यात स्पष्ट लिहिलंय. कुणी हा नियम मोडला असेल तर गाव आणि तारीख सांगून तक्रार करा. मोघम मेसेजने कुणालाच जाब विचारता येत नाही.

परदेशी पैशाचं थोडक्यात. परदेशी देणग्यांच्या कायद्यात २०२० मध्ये झालेल्या दुरुस्तीपासून अशी देणगी फक्त स्टेट बँकेच्या दिल्लीतल्या मुख्य शाखेत उघडलेल्या खात्यातच येते, ती दुसऱ्या संस्थेला देता येत नाही, प्रशासनावर २० टक्क्यांहून जास्त खर्च चालत नाही आणि दरवर्षी केंद्राला हिशेब द्यावा लागतो. शिवाय फिर्गजेतली, म्हणजे त्या चर्चच्या हद्दीतली माणसं रविवारी इगर्जेत (चर्चमध्ये) दान म्हणून जे टाकतात, ते परदेशातून आलेलं नसतं.

आता 'दोन दिवस' आणि 'घरं सरकार उभारतं'. घरं सरकारनेच उभारायला हवीत, तो लोकांचा हक्क आहे. पण हा हक्क पदरात पडतो कागदांवर. मुंडकाराचं (दुसऱ्याच्या जमिनीत घर करून राहणाऱ्याचं) घर भाटकाराच्या, म्हणजे जमीनमालकाच्या जमिनीत, कागद आजोबांच्या नावावर, आणि मातीची भिंत रात्रीत बसलेली. शेजारच्या खोलीत भाड्याने राहणाऱ्या मजुराचं तर घर म्हणून काही नोंदलेलंच नाही. त्याची गेली ती गॅसची शेगडी, भांडी आणि मुलांची भिजून फुगलेली पुस्तकं. पंचनामा झाल्यावरही मामलेदार कचेरीत कितीदा जावं लागतं, हे ज्याने फेऱ्या मारल्यात त्याला विचारा. अशा वेळी सोबत येऊन अर्ज भरणारा माणूस तांदळाच्या पोत्याएवढाच मोलाचा असतो. विहिरीतला गाळ उपसून पाणी पिण्याजोगं होईपर्यंत रस्त्यावरचे मदतीचे ट्रक केव्हाच परतलेले असतात.

चर्चच्या गटांची पद्धत नेमकी इथे उपयोगी पडते. कॅथलिक स्वयंसेवकांची सेंट व्हिन्सेंट दि पॉल सोसायटी १८३३ पासून जोडीने घरोघरी जाऊन चौकशी करते, आणि पुन्हा जाते. धर्म न विचारता. प्रोटेस्टंट आणि ऑर्थोडॉक्स चर्चेसची 'कासा' ही मदतसंस्था १९४७ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी सुरू झाली, ती अजून आपत्तीत काम करतेय. १९९३ च्या किल्लारी भूकंपानंतरच्या पुनर्वसनातही ती होती. गावं नव्याने वसवण्याचं ते काम वर्षानुवर्षं चाललं.

मदत वाटतानाचे फोटो टाकले जातात, त्याचा लोकांना येणारा राग मात्र मला मान्य आहे. पिशवी हातात घेतलेल्या बाईचा चेहरा फेसबुकवर टाकण्याचं काहीच कारण नाही, मग वाटणारे चर्चचे असोत, देवस्थानचे की पक्षाचे. त्यापेक्षा किती खर्च झाला आणि कुठली कामं अजून बाकी आहेत, याचा कागद पंचायतीच्या फलकावर लावावा.