नेट गेलं म्हणून मेल स्पॅममध्ये जात नाही

नमस्कार साहेब,

खानापूरहून तुम्ही माझ्या आधीच्या लिखाणावर पाठवलेली प्रतिक्रिया चांगली खरमरीत आहे, म्हणून उत्तरही सविस्तर देतो. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: ऑफिसचे मेल पोचत नाहीत याचं खापर मी डोमेनच्या (मेल पत्त्यात @ नंतर येणाऱ्या नावाच्या) सेटिंगवर फोडलं, खरं दुखणं आपल्या भागातलं नेट आणि लाइट. एसपीएफ (डोमेनचे मेल कुठल्या सर्व्हरवरून जाऊ शकतात त्याची यादी), डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही), डीमार्क (या तपासण्यांत मेल नापास झाला तर काय करायचं ती सूचना) हे नियम दिवसाला पाच हजार मेल पाठवणाऱ्यांचे. पतसंस्थेच्या क्लार्कला त्यात कशाला ओढता? समोरच्याला फोन करून ‘नॉट स्पॅम’ दाबायला सांगितलं की भागतं. आणि तेही नको असेल तर व्हॉट्सॲप आहेच.

जुलैत खानापूर-जांबोटी पट्ट्यात नेटचे काय हाल होतात ते वेगळं सांगायला नको. पण नेट गेलं की मेल आउटबॉक्समध्ये अडकतो. तो समोरच्याच्या स्पॅममध्ये जाऊन पडत नाही. तुमच्या कॉम्प्युटरचं काम मेल आपल्या सर्व्हरच्या हवाली करण्यापुरतं, आणि तो सर्व्हर खानापुरात नाही, कुठल्यातरी डेटा सेंटरमध्ये आहे. पुढचा व्यवहार त्या सर्व्हरचा आणि समोरच्या सर्व्हरचा. तेव्हा तुमची केबल तुटली काय नि जोडली काय, सारखंच. समोरचा सर्व्हर बंद असला तरी आपला सर्व्हर मेल टाकून देत नाही, पुन्हा पुन्हा दार ठोठावतो. निदान चार-पाच दिवस तरी प्रयत्न सोडू नये, असं मेलच्या मानकातच सुचवलेलं आहे. ४ ने सुरू होणारा कोड परत आला तर अर्थ ‘आत्ता नाही, नंतर ये’. ५ ने सुरू होणारा आला तर ‘येऊच नकोस’. एवढा फरक कळला तरी निम्मी डोकेदुखी कमी होते.

बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीचं उदाहरण देतो. कास्टिंगची कोटेशनं पुण्याच्या खरेदी विभागाला मिळेनात. ‘सेंटमध्ये दिसतंय म्हणजे गेलंय की हो,’ असं ऑफिसचं ठाम मत. राउटर बदलून झाला, अँटिव्हायरस काढून झाला, पासवर्ड तर उगाचच बदलला. शेवटी पुण्याच्या माणसाला म्हटलं, तुमच्या जीमेलमध्ये स्पॅममध्ये पडलेला तो मेल उघडा, उजवीकडच्या तीन टिंबांत ‘शो ओरिजिनल’ आहे ते दाबा आणि स्क्रीनशॉट पाठवा. त्या पानावर वरच एक छोटा तक्ता असतो. तिथे एसपीएफपुढे लिहिलं होतं ‘परमएरर’, म्हणजे रेकॉर्डच चुकीचा, तपासणी होऊ शकत नाही. डीकेआयएमपुढे फौंड्रीच्या डोमेनचं नावच नव्हतं.

डीएनएसमधले (डोमेनची सार्वजनिक नोंदवही) टीएक्सटी रेकॉर्ड, म्हणजे मजकुराच्या नोंदी, उघडले तर एसपीएफच्या दोन ओळी. एक जुन्या वेबसाइटवाल्यानं कधीकाळी टाकलेली, दुसरी मेल गूगल वर्कस्पेस या गूगलच्या ऑफिस-मेल सेवेवर नेताना टाकलेली. सुटी सुटी वाचली तर दोन्ही बरोबर. पण एका डोमेनला एसपीएफचा रेकॉर्ड एकच चालतो. दोन सापडले की तपासणारा सर्व्हर त्यातला खरा कुठला याचा निवाडा करत बसत नाही, एकही मानत नाही. एकाच सर्व्हे नंबरचे दोन वेगळे उतारे पुढे केल्यावर तलाठी जे करील, तेच. जुन्या होस्टिंगवरून (वेबसाइटवाल्याच्या सर्व्हरवरून) मेल जातच नव्हते, म्हणून ती ओळ काढली. मग गूगलच्या ॲडमिन कन्सोलमध्ये डीकेआयएमची की (सही तपासायची किल्ली) तयार करून डीएनएसमध्ये टाकली आणि ‘स्टार्ट ऑथेंटिकेशन’ दाबलं. हे शेवटचं बटण पुष्कळ जण विसरतात आणि ‘की टाकली तरी फेलच दाखवतंय’ म्हणून हैराण होतात. (जुना पुरवठादारही मेल पाठवत असेल तर दोन्ही ‘इन्क्लूड’ (पुरवठादाराची सर्व्हर-यादी जोडणारे शब्द) एकाच ओळीत घ्यायचे. मात्र सगळे मिळून डीएनएसचे दहाच लुकअप (शोध) चालतात. अकरावा झाला की पुन्हा परमएरर.)

यात क्लार्कनं डीएनएसला हात लावायची गरज नाही, ते डोमेन सांभाळणाऱ्याचं काम. पण ‘मेल जात नाही, बघा जरा’ असा फोन केला तर तो राउटर बंद-चालू करायला सांगणार. ‘एसपीएफ परमएरर येतंय, दोन रेकॉर्ड आहेत का बघा’ म्हटलं तर त्याला टोलवाटोलवी करता येत नाही.

पाच हजारांचा आकडा तुम्ही बरोबर दिलात, पण नियम अर्धाच सांगितलात. फेब्रुवारी २०२४ पासून गूगलनं जीमेल खात्यांकडे दिवसाला पाच हजारांवर मेल धाडणाऱ्यांना एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क तिन्ही सक्तीचे केले, हे खरं. त्याच नियमांत बाकी सगळ्यांसाठीही अट आहे: एसपीएफ किंवा डीकेआयएम, दोन्हींतलं एक तरी हवंच. दिवसाला चाळीस मेल पाठवणारी पतसंस्था याच ‘बाकी सगळ्यां’त येते.

‘नॉट स्पॅम’नं त्या एका माणसाच्या इनबॉक्सपुरतं काम होतं. वार्षिक सभेची नोटीस सगळ्या सभासदांना पाठवल्यावर कुणाकुणाला फोन करत बसणार? शिवाय मोठ्या कंपन्यांत संशयास्पद मेल वरच्या वरच, ॲडमिनच्या ताब्यात अडवून ठेवतात. खरेदी विभागातल्या माणसाला तो स्पॅममध्येही दिसत नाही. तो बिचारा बटण दाबणार कशावर? व्हॉट्सॲपवर पीडीएफ खुशाल टाका. ऑडिटर आणि बँक मेलच मागणार.

बाउन्स (मेल पोचला नाही असं सांगणारं परत आलेलं उत्तर) आला की लोक विषय बघून डिलीट करतात, आतलं वाचत नाहीत. ५५० ५.१.१ म्हणजे असा पत्ताच नाही. आपल्याकडे याला एक खास कारण आहे. १ नोव्हेंबर २०१४ ला बेळगाव शहराचं सरकारी नाव बदललं आणि ज्या पत्त्यांत शहराचं इंग्रजी नाव होतं त्यातल्या काहींचं स्पेलिंगही बदललं. आउटलुक मात्र दोन अक्षरं टाइप केली की जुनाच पत्ता पुढे करतं. तो यादीतून फुली मारून काढावा लागतो, नाहीतर नवा माणूस कामावर आला तरी तोच पत्ता निवडणार.

आता तुमच्याच बाउन्सबद्दल. नेटचा पुरावा म्हणून तुम्ही जी ओळ चिकटवलीत तिची सुरुवात ५५२ ५.३.४ अशी आहे. याचा अर्थ मेल आकारानं मोठा झाला. ‘ठरावाचा स्कॅन २१ एमबी, त्यांची मर्यादा २५, मग अडेल कसा?’ असं तुम्ही विचारता. मेलमधून फाइल जशीच्या तशी जात नाही. ती मजकुराच्या रूपात बदलून जाते आणि त्यात साधारण एक तृतीयांशानं फुगते. म्हणजे तुमची २१ एमबी तिथे पोचेपर्यंत २८ झाली. म्हणजे तुमचं नेट ठीक होतं, मेल समोरच्या दारापर्यंत गेला आणि तिथून परत आला. स्कॅनर बहुधा रंगीत, ६०० डीपीआयवर असेल. काळं-पांढरं आणि २०० डीपीआय करा, सही-शिक्का स्वच्छ दिसेल आणि फाइल पुष्कळ लहान होईल. तरीही परत आलाच, तर बाउन्सचा मजकूर खालपर्यंत अख्खा पाठवा. या वेळी तुम्ही दुसऱ्या ओळीनंतर कापला होतात.