खरा कॉमिक्सवाला व्हायचंय? मग आधी वाचणं बंद करा

तर भो, तुम्ही जळगावच्या फुले मार्केटातून स्पायडरमॅनचा टीशर्ट घेतला आणि लगेच स्वतःला सुपरहिरोवाला म्हणवून घ्यायला लागलात. चांगलंय. पण टीशर्ट कोणालाही मिळतो, फॅन असं कोणीही होत नसतं, त्याची एक पद्धत आहे, आणि ती मी रावेर तालुक्यात बसून, केळीला पाणी द्यायच्या पाळ्या चुकवून, आप्पांच्या शिव्या खाऊन शिकलोय. तुम्हाला फुकट सांगतो.

सगळ्यात आधी वाचणं बंद करा. हसू नका. वाचलं की पान वाकतं, पान वाकलं की पाठीवर पिनेजवळ बारीक पांढरी रेघ पडते, आणि रेघ पडली की माल गेला. अमेरिकेत 2000 सालापासून सीजीसी म्हणून एक कंपनी आहे, तिच्याकडे कॉमिक पाठवलं की ते लोक भिंगातून बघून दहापैकी मार्क देतात आणि कडक प्लास्टिकच्या चौकटीत कायमचं सील करून परत पाठवतात. त्याला स्लॅब म्हणायचं. म्हणजे घरावर पडतो तो नाही, पण खर्च साधारण तसाच वाटतो. मी असा एक 9.8 चा स्पायडरमॅन घेतला, किती पैशाला ते इथे लिहीत नाही कारण माझी बायकोही वाचते.

आप्पांनी तो हातात घेतला, उलटासुलटा केला, कानाशी धरून हलवून बघितला.

"मंग हे वाचाचं कसं?"

म्हटलं, वाचायचं नाही आप्पा, ठेवायचं.

"आन 9.8 काहून? दहा काहून नाही?"

म्हटलं कोपऱ्यावर सुईच्या टोकाएवढा डाग आहे. झालं. त्याच आठवड्यात एका व्यापाऱ्याने आमच्या बागेत येऊन घडावर डाग दाखवून कटती लावली होती, म्हणजे भाव कापला होता, बऱ्हाणपूरच्या केळी बाजाराच्या फळ्यावर एक भाव आणि आमच्या हातात दुसराच. आप्पा स्लॅबकडे बघत बराच वेळ गप्प बसले आणि मग म्हणाले, "म्हन्जे तिकडे बी कटती हाये."

असल्या बोलण्याकडे लक्ष द्यायचं नाही. खऱ्या फॅनने फक्त किमतीकडे लक्ष द्यायचं, आणि कोणी विचारलं की 1938 चं उदाहरण द्यायचं. सुपरमॅन पहिल्यांदा आला तो अॅक्शन कॉमिक्सचा पहिला अंक, तेव्हा किंमत 10 सेंट, आणि 2014 मध्ये त्याची एक चांगली राहिलेली प्रत 32 लाख डॉलरला गेली. हे सांगताना आवाज थोडा खाली आणायचा, सोन्याचा भाव सांगतात तसा. आता ती इतकी महाग का, तर छापल्या होत्या लाखांनी आणि उरल्या शंभरेक. बाकीच्या पोरांनी वाचून फाडल्या, आयांनी रद्दीत घातल्या. म्हणजे नीट बघितलं तर 32 लाखांतला मोठा वाटा रद्दीवाल्याचा आणि आयांचा आहे, पण हे घरी बोलायचं नाही, नाहीतर आई म्हणेल मग दे इकडे, मी वाढवते किंमत.

उलट 1991 चा एक्स-मेनचा पहिला अंक बघा. पाच वेगवेगळी मुखपृष्ठं काढली, 80 लाखांच्या वर प्रती विकल्या, आणि लोकांनी पोरांच्या शिक्षणाला होतील म्हणून पाच-पाच घेऊन कपाटात ठेवल्या. सगळ्यांनीच जपून ठेवल्यामुळे आज त्याला भाव नाही. केळी काय, कांदा काय, आवक वाढली की हे होणारच, पण फॅनला बाजार कळत नसतो, त्याला फक्त मुखपृष्ठ कळतं. तो फुगा फुटला आणि 1996 च्या डिसेंबरात एक्स-मेन काढणाऱ्या खुद्द मार्वल कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज केला.

दुःखाचीही सवय लावून घ्या. 1992 मध्ये सुपरमॅन मेला. तो अंक काळ्या पिशवीत सील करून विकला, आत दंडाला बांधायची काळी फीतसुद्धा होती. लोकांनी दोन-दोन घेतले, एक रडायला आणि एक ठेवायला. पुढच्याच वर्षी साहेब परत हजर. पिंडाला कावळा शिवला नसणार, दुसरं काय. तेव्हा कोणी मेलं की रडायचं जोरात, पण तेराव्याचं जेवण सांगायची घाई करायची नाही.

आता महत्त्वाचं, नवीन माणसाला आत येऊ द्यायचं नाही. एखादी कॉलेजची पोरगी सहज म्हणाली की मला बॅटमॅन आवडतो, तर लगेच भुवया वर करून विचारायचं, हो का, पहिला अंक कोणता? ती गप्प बसली की 1939, डिटेक्टिव्ह कॉमिक्स, नंबर 27 असं तोंडावर फेकायचं. फक्त तिने उलट विचारलं की बॅटमॅन तयार कोणी केला, तर पाणी प्यायला उठा. मला हे भुसावळला एका लग्नात, वरण-बट्टीच्या पंगतीत झालं. मी ऐटीत बॉब केन म्हटलं, तर ती म्हणाली, आणि बिल फिंगर? मला अंकांचे नंबर पाठ, पण हा माणूस आठवेना. नंतर शोधलं तर बिचारा 1974 मध्ये गेला आणि बॅटमॅनखाली त्याचं नाव अधिकृत लागलं 2015 मध्ये. मेल्यावर 41 वर्षांनी सातबाऱ्यावर नाव चढलं. आपल्याकडे तलाठ्याने पण इतका वेळ घेतला नसता, म्हणजे घेतला असता, पण निदान चहा तरी पाजावा लागला असता.

आणि सुपरमॅन तयार करणाऱ्या दोघांचं, सीगल आणि शुस्टर, त्यांनी 130 डॉलरला सगळे हक्क देऊन टाकले होते. ज्या चेकमध्ये ही रक्कम धरलेली होती तो चेकच 2012 मध्ये लिलावात 1 लाख 60 हजार डॉलरला गेला. हे मी एकदा कौतुकाने आप्पांना सांगितलं, ही माझी चूक. "म्हन्जे पिकोनाऱ्याले 130 आन इकनाऱ्याले 32 लाख," आप्पा म्हणाले, "याच्यात नवीन काय हाये?" आणि पंप चालू करायला निघून गेले. तुम्ही घरच्यांना हा आकडा सांगू नका, सगळी मजा जाते.

आपल्या देशी हिरोंचं नाव चारचौघांत काढायचं नाही हे वेगळं सांगायला नको. नागराजच्या मनगटातून साप निघतात हे म्हणे हास्यास्पद, आणि स्पायडरमॅनच्या मनगटातून जाळं निघतं ते मात्र सायन्स. ध्रुवला तर कसलीच शक्ती नाही, सर्कशीत वाढलेला पोरगा, एक मोटरसायकल आणि डोकं. उन्हाळ्याच्या सुट्टीत आम्ही राज कॉमिक्स भाड्याने आणायचो, दुकानातच बसून वाचलं तर पैसे कमी, म्हणून दुपारभर तिथेच, बाहेर पारा 45 च्या वर, एका कॉमिकवर चार डोकी, ज्याचं पान आधी संपेल त्याने थांबायचं, आणि शेवेचं तेल लागलेली बोटं सगळ्यांची. आमचं निम्मं हिंदी त्यातूनच आलंय, त्यामुळे अजूनही रागावलो की त्यातल्या डोगा नावाच्या हिरोसारखं बोलतो. त्याआधीच्या पिढीकडे मराठी इंद्रजाल कॉमिक्सचे वेताळ होते, 1990 ला ते बंद झाले आणि मावशीने होते नव्हते ते बिबड्यांच्या डब्याच्या तळाशी अंथरले. बिबड्या मात्र कुरकुरीत राहिल्या.

असो. उन्हाळ्यात कॉमिक्सच्या खोलीत कुलर लावू नका, दमट हवेने कागद जातो. आमच्याकडे कॉमिक्सला एसी आहे आणि आप्पांना कुलर.

शेवटचं, लहान पोरं घरी येणार असतील तर खोलीला कुलूप घाला. दिवाळीत भाचा आला, वय नऊ. स्लॅबकडे बघून म्हणाला, मामा, आत काय होतं पुढे? आणि भो, मला सांगताच येईना. मार्क माहीत, किंमत माहीत, छापल्याचं साल माहीत, आत काय होतं ते मी बघितलेलंच नव्हतं. तेव्हा पंपाच्या पेटीतला स्क्रू ड्रायव्हर नेहमी उंच फळीवर ठेवत जा, पोराचा हात पोचणार नाही असा. आमच्याकडे उंचच होता, स्टूल मी धरलं.

बाराव्या पानावर भाच्याने केळीच्या वेफर्सचं बोट पुसलं. आप्पांनी ते पान उजेडाकडे धरलं, डाग नीट बघितला आणि म्हणाले, "लाव कटती."