‘क्यू फ्लश करा, मेल सुटतील’ : एका लोकप्रिय सल्ल्याचा प्रतिवाद

मेल सर्व्हर सांभाळणाऱ्या मंडळींमध्ये एक सल्ला वारंवार पुढे पाठवला जातो. त्याचा आशय असा : बाहेर जाणारे मेल उशिरा पोहोचत असतील तर आपला सर्व्हर मंदावला आहे असे समजावे, आधी सर्व्हिस रीस्टार्ट करावी, मग क्यू (पाठवायच्या मेलांची रांग) दर मिनिटाला फ्लश करणारा, म्हणजे थांबलेले सगळे मेल लगेच पुन्हा पाठवायला लावणारा, क्रॉन (ठरल्या वेळी आपोआप चालणारी आज्ञा) लावावा, तरीही फरक पडला नाही तर एका वेळी उघडणाऱ्या कनेक्शनची संख्या वाढवावी, त्यानंतर सर्व्हरचा आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) बदलावा आणि शेवटी सगळी क्यू पुसून नव्याने सुरुवात करावी. यातला प्रत्येक उपाय कधी ना कधी कुणाला तरी लागू पडलेला असतो, त्यामुळे सल्ला टिकून आहे. मात्र या साऱ्या पायऱ्यांमध्ये ‘मेल का थांबला’ हा प्रश्न एकदाही विचारलेला नाही. पोस्टफिक्स या सर्वत्र आढळणाऱ्या मेल सर्व्हर सॉफ्टवेअरच्या आधाराने एकेक मुद्दा तपासू.

पहिला मुद्दा गृहीतकाचा : उशीर म्हणजे आपला सर्व्हर मंद. हे अनेकदा खरे नसते, आणि खरे आहे की नाही हे ठरवण्यासाठी अंदाज बांधण्याची गरजही नसते, कारण पोस्टफिक्स प्रत्येक प्रयत्नानंतर लॉगमध्ये (कामाच्या नोंदवहीत) उशिराचा हिशेब मांडून ठेवते. ‘डिलेज’ या शब्दापुढे तिरक्या रेघांनी वेगळे केलेले चार आकडे असतात. पहिला आकडा मेल क्यू मॅनेजरच्या (रांगेतले मेल उचलून पाठवणीला देणाऱ्या भागाच्या) हाती येण्यापूर्वी गेलेल्या वेळेचा, दुसरा क्यू मॅनेजरमध्ये गेलेल्या वेळेचा, तिसरा डीएनएस (नावावरून पत्ता शोधणे), अभिवादन आणि टीएलएस (जोडणी सांकेतिक करणे) धरून जोडणी उभी करण्याचा, आणि चौथा प्रत्यक्ष मजकूर पोहोचवण्याचा. दुसरा आकडा फुगलेला असेल तर डिलिव्हरी करणाऱ्या प्रोसेस अपुऱ्या पडत आहेत, किंवा त्या डोमेनसाठी ठरवलेली मर्यादा भरली आहे, असा संशय रास्त ठरतो. पहिल्या आकड्याबाबत मात्र सावध राहावे लागते : मेल आधीच एकदा डिफर झालेला, म्हणजे तात्पुरत्या अपयशामुळे पुढे ढकललेला, असेल तर थांबून राहण्याचा सगळा काळ याच आकड्यात जमा होतो, आणि तो पाहून डिस्क मंद असल्याचा निष्कर्ष काढणारे थोडे नाहीत.

एक ओळ जवळून पाहू : डिले=१५०, डिलेज=०.०९/०.०१/१५०/०, डीएसएन=४.४.१ (अपयशाचा सांकेतिक क्रमांक), स्टेटस=डिफर्ड, आणि कंसात ‘कनेक्शन टाइम्ड आउट’. पोस्टफिक्स एका पत्त्याशी जोडणी होण्यासाठी मुळात ३० सेकंद वाट पाहते आणि एका प्रयत्नात जास्तीत जास्त पाच पत्ते आजमावते. तीस पंचे दीडशे. म्हणजे समोरच्या पाचही पत्त्यांकडून काही उत्तर आलेच नाही, आणि आपल्या सर्व्हरचे स्वतःचे काम सेकंदाच्या दहाव्या हिश्श्यात उरकले होते. येथे रॅम वाढवून काहीही साधणार नाही. बहुतेक वेळा २५ क्रमांकाचा पोर्ट, म्हणजे सर्व्हरकडून सर्व्हरकडे मेल जाण्याचे दार, वाटेत कुठेतरी बंद असतो. गूगल क्लाउडवर तो बाहेरच्या दिशेने मुळातच बंद ठेवलेला असतो, आणि ॲमेझॉनच्या ईसी२ वरही विनंती केल्याशिवाय मोकळा होत नाही. अशा वेळी ५८७ पोर्टवरून एखाद्या रिले सेवेमार्फत (आपले मेल पुढे पोहोचवणाऱ्या सेवेमार्फत) मेल पाठवणे हा मार्ग आहे. दुसरी शक्यता आयपीव्ही६ ची, म्हणजे नव्या पद्धतीच्या आयपी पत्त्यांची : पत्ता मिळतो पण रस्ता नसतो, आणि प्रत्येक प्रयत्नात काही मुदती त्यातच वाया जातात.

‘सर्व्हिस रीस्टार्ट केली की मेल सुटतात.’ कधीकधी सुटतात, हे खरे आहे, आणि त्यामागचे कारण समजून घेण्यासारखे आहे. डेबियन (लिनक्सचा एक प्रकार) पद्धतीच्या मांडणीत पोस्टफिक्सचे काही भाग क्रूटमध्ये, म्हणजे मुख्य फाइलव्यवस्थेपासून वेगळ्या कोंडलेल्या जागेत चालू शकतात, आणि डीएनएस सर्व्हरचा पत्ता सांगणारी फाइल तेथे वेगळी प्रत म्हणून ठेवलेली असते. मूळ फाइल बदलली तरी ती प्रत जुनीच राहते. परिणामी टर्मिनलवर ‘डिग’ ही डीएनएस तपासणारी आज्ञा चालवून पाहणाऱ्याला उत्तर व्यवस्थित मिळते, पोस्टफिक्स मात्र ‘होस्ट नॉट फाउंड, ट्राय अगेन’ म्हणत मेल अडवून ठेवते. सर्व्हिस सुरू होताना ही प्रत नव्याने केली जाते, म्हणून रीस्टार्टने गुण येतो. पण दोष कुठे होता हे कळले नाही, तर पुढच्या नेटवर्क बदलानंतर तोच प्रकार पुन्हा घडतो. याउलट, दोष दुसरा असेल तर रीस्टार्ट नुकसानच करते : ॲक्टिव्ह (पाठवणी चालू असलेल्या) क्यूमधले सगळे मेल पुन्हा इनकमिंग (नव्याने आलेल्यांच्या) क्यूमध्ये टाकून नव्याने उचलावे लागतात, आणि क्यू मोठी असेल तर हे काम खर्चिक असते. पोस्टफिक्सचे अधिकृत दस्तऐवजही क्यू मॅनेजर वारंवार रीस्टार्ट करू नये असे निक्षून सांगतात.

सल्ल्यातला सर्वांत घातक भाग दर मिनिटाच्या फ्लशचा आहे. डिफर झालेला मेल पोस्टफिक्स काही मनमानीने थांबवत नाही. पहिल्या अपयशानंतर किमान ३०० सेकंद, मग मेलचे वय वाढेल तसा वाढता, जास्तीत जास्त ४००० सेकंदांचा, म्हणजे सुमारे ६७ मिनिटांचा विराम, आणि पाच दिवसांनी हात टेकून मेल परत, अशी तिची मूळ घडी आहे. एसएमटीपीचे, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचे, २००८ मधले मानक, आरएफसी ५३२१, दोन प्रयत्नांत किमान ३० मिनिटांचे अंतर आणि चार ते पाच दिवसांची चिकाटी सुचवते. त्या मानाने पोस्टफिक्स उतावीळच म्हणावे लागेल. फ्लश ही सारी वेळापत्रके मोडून सगळे डिफर्ड मेल एकदम ॲक्टिव्ह क्यूमध्ये ओततो. त्यांत बंद पडलेल्या डोमेनचे, चुकीच्या स्पेलिंगच्या पत्त्यांचे मेलही असतात. एरवी प्रतिसाद न देणारे ठिकाण पोस्टफिक्स काही काळ बाजूला ठेवते. फ्लश ती नोंदही पुसतो. मग असा प्रत्येक मेल वर पाहिलेली दीडशे सेकंदे एक प्रोसेस अडवून बसतो, प्रोसेसची मूळ मर्यादा १०० असते, आणि नुकताच आलेला, एका सेकंदात जाऊ शकला असता असा मेल त्यांच्या मागे ताटकळतो. उशिरावरचा उपाय म्हणून लावलेला क्रॉन उशिराचे कारण बनतो तो असा.

फ्लशला जागा आहे, पण दोष दुरुस्त झाल्यानंतर, आणि तोही एकदाच. एखादाच मेल तातडीचा असेल तर ‘पोस्टक्यू’ या आज्ञेला -आय हा पर्याय आणि त्या मेलचा क्यू आयडी दिला की तेवढाच मेल पुढे सरकतो.

कनेक्शन वाढवण्याचा मुद्दा थोडक्यात निकाली निघतो. समोरच्या सर्व्हरने ४२१ किंवा ४.७ ने सुरू होणारा कोड देऊन ‘फार वेगाने पाठवत आहात’ असे सांगितले असेल, तर मूळची वीसची मर्यादा पन्नासवर नेणे म्हणजे आगीत तेल ओतणे होय. तेथे त्या डोमेनसाठी वेगळा ट्रान्सपोर्ट (पाठवणीचा मार्ग) करून मर्यादा खाली आणावी आणि दोन मेलांमध्ये सेकंदभराचा विराम ठेवावा. कोणत्या डोमेनचे किती मेल किती वेळ पडून आहेत, हे ‘क्यूशेप’ ही आज्ञा एका तक्त्यात दाखवते. एकच डोमेन वर दिसले तर आपला सर्व्हर संशयातून जवळपास मुक्त होतो.

‘आयपी बदला, नव्या आयपीवरून मेल लगेच जातात’ हा दावा मला सर्वांत अजब वाटतो. नव्या आयपीला ओळख नसते, आणि अनोळखी पाठवणाऱ्याला मोठ्या सेवा जपूनच आत घेतात. जीमेलने फेब्रुवारी २०२४ पासून सर्वच पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ (डोमेनसाठी कोणते आयपी मेल पाठवू शकतात याची नोंद) किंवा डीकेआयएम (मेलवरची डिजिटल सही) आणि योग्य रिव्हर्स डीएनएसची (आयपीवरून नाव सांगणाऱ्या नोंदीची) अपेक्षा ठेवली आहे, दिवसाला ५००० हून अधिक मेल पाठवणाऱ्यांकडून एसपीएफ, डीकेआयएम आणि डीमार्क (या तपासण्यांत नापास मेलचे काय करावे हे सांगणारे धोरण) या तिन्हींची. आयपी बदलताना एसपीएफ आणि रिव्हर्स नोंद मागे राहिली, तर आधी फक्त उशीर होता तेथे आता नकार मिळतो. ग्रेलिस्टिंगचा घोटाळा याहून गमतीचा आहे. या पद्धतीत पाठवणारा आयपी, पाठवणारा पत्ता आणि घेणारा पत्ता अशी तिहेरी जोडी प्रथमच दिसली की ‘थोड्या वेळाने या’ असे ४५० किंवा ४५१ कोडने सांगितले जाते, आणि काही मिनिटांनी पुन्हा आलेल्याला प्रवेश मिळतो. आयपी बदलला की जोडी नवी, आणि प्रतीक्षा पहिल्यापासून.

राहता राहिली क्यू पुसण्याची आज्ञा. ‘पोस्टसुपर’ या आज्ञेने सगळे मेल उडवले तर पाठवणाऱ्याला बाउन्स (मेल न पोहोचल्याची सूचना) जात नाही, त्याच्या ‘सेंट’ फोल्डरमध्ये मेल दिसत राहतो आणि निविदा, बिल किंवा नोकरीचा अर्ज गुपचूप नाहीसा झालेला असतो. अपवाद एकच ग्राह्य आहे : एखाद्या खात्याचा पासवर्ड चोरीला जाऊन त्यावरून हजारो स्पॅम मेल क्यूमध्ये घुसले असतील तर. तेव्हाही आधी लॉगमध्ये कोणत्या लॉगिनने मेल टाकले ते शोधावे, त्या खात्याचा पासवर्ड बदलावा, संशयित मेल होल्डवर ठेवावेत, आणि मग त्या एकाच पाठवणाऱ्याचे मेल निवडून काढावेत.

ज्या तक्रारीमुळे असे घायकुतीचे सल्ले फोफावतात, ती तक्रार मात्र खोटी नाही. मेल अडकला आहे हे वापरकर्त्याला कुणी सांगतच नाही, कारण उशिराची सूचना देणारी पोस्टफिक्समधली ‘डिले वॉर्निंग टाइम’ ही सेटिंग मुळात शून्यावर, म्हणजे बंद असते. ती चार तासांवर ठेवली की मेल रखडल्याची सूचना पाठवणाऱ्यालाच जाते, आणि तो तोच मेल पुन्हा पुन्हा पाठवण्याऐवजी समोरच्याला फोन करू शकतो.