फीत कापा, पुढचं पुढे

अभिनंदन! विद्यापीठाच्या हरित परिसर समितीचं समन्वयकपद तुमच्या गळ्यात पडलंय, म्हणजे विद्यापीठांना दर्जा ठरवून देणाऱ्या नॅकची फेरी जवळ आली असणार. घाबरू नका. नॅकच्या सातव्या निकषात हरित, ऊर्जा आणि पर्यावरण अशी तीन ऑडिटं विचारली की तिन्ही एकाच संस्थेकडून, एकाच आठवड्यात उरकून घ्या. शिफारशींचं पान शेवटी असतं. तिथवर कोणी जात नाही, तुम्हीही जाऊ नका.

वृक्षारोपण 5 जूनलाच करा. पाऊस अजून पडलेला नसतो, रोप जळेल, असं माळीकाका सांगतील. त्यांचं ऐकू नका. आपल्याला जिओटॅग केलेला फोटो हवाय आणि अक्षांश-रेखांश जळत नाहीत. खड्डा मात्र बुजवू नका, पुढच्या वर्षी आयता मिळतो.

आता पैशाचं बोलू. छतावरच्या सौरऊर्जेचे दोन मार्ग. रेस्को पद्धतीत पॅनेल कंपनीचं, छत आपलं. साधारण 25 वर्षं ठरल्या दरानं युनिटचे पैसे द्यायचे. युनिट विकलं तरच कंपनीला पैसा दिसतो, म्हणून तिची माणसं येऊन पॅनेल धुतात. या भानगडीत पडू नका. पॅनेलच आपलं नाही, तर कोनशिलेवर नाव कोणाचं? त्यापेक्षा अनुदानातून विकत घ्या. अनुदान पॅनेल बसवायला मिळतं, धुवायला नाही. मग वर्षभरात काचेवर धूळ, धुळीवर कबुतरांची शिट, खाली इन्व्हर्टरचा लाल दिवा. विद्युत विभाग म्हणेल, पाणी मारणं बागेचं काम. बाग म्हणेल, छतावर चढायची आम्हाला ऑर्डर नाही. लेखा विभाग विचारेल, 'हा खर्च कोणत्या लेखाशीर्षात टाकू?' हे विचारणाऱ्या बाबूंना जपा. त्यांच्यामुळे फाइल पॅनेलपेक्षा जास्त जगते.

हरित रोखे, म्हणजे पर्यावरणाच्या कामांसाठी गुंतवणूकदारांकडून कर्ज उभारायचे कागद, परिसंवादापुरते ठेवा. केंद्रानं 2023च्या सुरुवातीला 16,000 कोटींचे काढले, 2025मध्ये पिंपरी-चिंचवड महापालिकेनं 200 कोटींचे. तेव्हा अधिसभेत एखादा उत्साही सदस्य 'आपणही काढू' म्हणणारच. चहाच्या वेळी त्याला गाठून एवढंच सांगा, की रोख्यांचा पैसा कुठे गेला याचा हिशेब नंतर देत बसावा लागतो. विषय पुन्हा निघणार नाही.

आणि विद्यार्थ्यांना यात ओढू नका. पदवीला पर्यावरण अभ्यास सक्तीचा आहे खरा, पण त्यांना प्रकल्प नदीवर द्या, तुमच्या छतावर नको. कोणी सौर मीटरचे आकडे मागितलेच, तर माहिती अधिकारात अर्ज करायला सांगा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प आणि उत्तराला 30 दिवसांची मुदत. तोवर नॅकची मंडळी जेवून परत गेलेली असतात.