गाणाऱ्या त्या मुलीचे पुढे काय झाले

आज दुपारी माझ्या अकरा वर्षांच्या भाच्याला मी फोनवर ‘फायनल फॅन्टसी ६’ हा जुना जपानी व्हिडिओ गेम दाखवत होते. ऑपेराच्या प्रवेशाच्या थोडे अलीकडे मी तो खेळ मुद्दाम थांबवून ठेवला होता, कारण निदान तेवढा भाग तरी त्याने पाहावा अशी माझी फार इच्छा होती. त्याने पात्रांची यादी उघडली, वरपासून खालपर्यंत पाहिली आणि विचारले, “मावशी, ह्यातली बाकीची कॅरेक्टर्स केवढ्याला मिळतात?” मी म्हटले, विकत घ्यावी लागत नाहीत, गोष्ट पुढे सरकते तशी ती येऊन मिळतात. त्याला ते खरे वाटले नाही. “म्हणजे नंतर पैसे मागतील,” असे तो अगदी समजूतदारपणे म्हणाला आणि पुढे खेळू लागला. त्याचे काहीच चुकले नव्हते, कारण त्याला माहीत असलेले सगळे खेळ तसेच आहेत. पण तेव्हापासून मी अस्वस्थ आहे, आणि तुम्हा मंडळींपैकी निम्म्यांनी तरी हा खेळ कधी ना कधी खेळलेला असल्यामुळे हे तुमच्यासमोरच मांडते आहे.

२००२ साली दहावीची परीक्षा झाल्यावर मी सुट्टीसाठी सांगलीला आजीकडे होते. मामाच्या संगणकावर एका मित्राने दिलेल्या सीडीतला हा खेळ होता. तो आम्ही विकत घेतलेला नव्हता, हे मी नाकारत नाही. तेव्हा आमच्या गावात तो विकत मिळणे शक्यही नव्हते. सेलेस नावाची एक माजी सेनाधिकारी त्यात आहे. एका जुगाऱ्याचे विमान मिळवायचे असते, तो जुगारी ऑपेरातल्या मुख्य गायिकेला पळवून नेणार असतो, आणि म्हणून त्या गायिकेच्या जागी सेलेसला रंगमंचावर उभे राहावे लागते. खेळणाऱ्याने आधी रंगपटात जाऊन पदाच्या ओळी वाचायच्या, लक्षात ठेवायच्या आणि प्रयोग चालू असताना योग्य ओळ निवडायची. चुकलात तर प्रयोग फसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करावी लागते.

आजीने आयुष्यभर संगीत नाटके पाहिली होती. ती स्वयंपाकघरातून हात पुसत आली, दारात थांबली आणि तिने विचारले, “हे कोण गातंय गं?” कोणीच गात नव्हते. हा खेळ मुळात ज्यासाठी केला होता त्या निन्टेन्डो कंपनीच्या सुपर फॅमिकॉम या खेळयंत्राच्या ध्वनिचिपमधून एका वेळी फक्त आठ स्वर वाजू शकत, आणि त्यातलाच एक कृत्रिम स्वर मानवी कंठासारखा भासावा अशी रचना संगीतकार नोबुओ उएमात्सु यांनी केली होती. उएमात्सु यांनी संगीताचे रीतसर शिक्षण घेतलेले नव्हते. शब्दही नसलेल्या त्या आवाजापुढे माझी आजी खुर्ची ओढून बसली. मी ओळींचा मराठी अर्थ सांगितला, तेव्हा ती म्हणाली, “बदली नटी आहे म्हण की. मग पाठांतर नको का पक्कं?” आणि तिने मला त्या ओळी वहीत लिहून काढायला लावल्या. संध्याकाळी तिने आणखी एक प्रश्न विचारला, “ही कुठली कंपनी?” तिच्या मनात नाटक कंपनी होती. मी म्हटले, स्क्वेअर, जपानची.

आज हे आठवल्यावर मला वाटते की तिने वापरलेला शब्दच योग्य होता. १९८७ साली पहिला ‘फायनल फॅन्टसी’ काढणारी, १९९४ मध्ये सहावा काढणारी स्क्वेअर ही खरोखर नाटक कंपनीसारखी होती. हिरोनोबू साकागुची सूत्रधार, उएमात्सु संगीताला, योशिताका आमानो यांची चित्रे आणि योशिनोरी कितासे व हिरोयुकी इतो यांचे दिग्दर्शन. सहाव्या भागात खेळता येण्यासारखी १४ पात्रे आहेत, आणि हा सगळा संसार ३ मेगाबाइटच्या कार्ट्रिजमध्ये, म्हणजे यंत्रात खोचायच्या एका छोट्या डबीत, मावला होता. आपण सकाळी एकमेकांना पाठवतो ते फुलांचे फोटो कधी कधी त्याहून मोठे असतात. त्या एवढ्याशा जागेत, लढाईचा खेळ घ्यायला आलेल्या माणसांसाठी, कोणीही मागितलेला नसताना त्यांनी एक ऑपेरा बसवला. कोणत्याही हिशेबाच्या वहीत त्या प्रवेशाचे समर्थन करता आले नसते. पुढच्याच वर्षी याच कंपनीने साकागुची, ‘ड्रॅगन क्वेस्ट’चे युजी होरी आणि चित्रकार अकिरा तोरियामा यांना एकत्र आणून ‘क्रोनो ट्रिगर’ केला. त्या खेळासाठी खपून खपून तरुण संगीतकार यासुनोरी मित्सुदा आजारी पडले आणि उरलेले काम उएमात्सु यांनी पुरे केले. माणसाने आजारी पडेपर्यंत काम करावे असे मी अजिबात म्हणत नाही. पण त्या कामावर त्यांचा किती जीव होता हे मात्र त्या सुरांत ऐकू येते.

मग हे सगळे गेले कुठे? १९९७ मध्ये कार्ट्रिजची जागा अपुरी पडते म्हणून निन्टेन्डोची साथ सोडून स्क्वेअरने सातवा भाग प्लेस्टेशनच्या तीन सीडींवर काढला आणि जग जिंकले. माझ्या मते त्या विजयातच पुढच्या दुखण्याचे मूळ आहे. चित्रे चित्रपटासारखी झाली, लोकांनी वाहवा केली, आणि आपण आता चित्रपटच काढावा असे कंपनीला वाटू लागले. त्यासाठी होनोलुलूला स्वतंत्र स्टुडिओ उभारला, साकागुची स्वतः दिग्दर्शक झाले, सुमारे १३.७ कोटी डॉलर खर्च झाले, आणि २००१ च्या जुलैत आलेल्या त्या चित्रपटाची जगभरची तिकीटविक्री साडेआठ कोटींच्या आसपास थांबली. त्यात सहाव्या भागातल्या एका पात्राइतकेही लक्षात राहणारे माणूस नव्हते. स्टुडिओ बंद झाला. १ एप्रिल २००३ रोजी स्क्वेअर आपल्या जुन्या प्रतिस्पर्धी एनिक्समध्ये विलीन झाली आणि कंपनीचे नाव स्क्वेअर एनिक्स झाले. साकागुची यांनी बाहेर पडून मिस्टवॉकर ही स्वतःची कंपनी काढली, उएमात्सु २००४ मध्ये गेले, स्क्वेअरचाच ‘झेनोगिअर्स’ हा खेळ करणारे तेत्सुया ताकाहाशी तर १९९९ मध्येच मोनोलिथ सॉफ्ट ही कंपनी काढायला निघून गेले होते. पाटी आणि पात्रांचे हक्क मागे राहिले, पण ती पात्रे ज्यांना सुचली होती त्यातले कितीतरी जण एकेक करून उठून गेले.

१९८७ ते २००१ या चौदा वर्षांत मुख्य मालिकेचे दहा भाग निघाले. त्यानंतरच्या बावीस वर्षांत सहा निघाले, आणि त्यातले दोन ऑनलाइन खेळ आहेत. पंधरावा भाग २००६ मध्ये वेगळ्या नावाने जाहीर झाला आणि २०१६ मध्ये हातात आला. दहा वर्षे वाट पाहायला लावून दिले काय, तर राजधानी पडते तो गोष्टीचा कणा एका वेगळ्या चित्रपटात, काही धागे नंतर विकल्या गेलेल्या जोडभागांत, आणि उरलेले जोडभाग २०१८ मध्ये रद्द करून त्यांची गोष्ट शेवटी कादंबरीत. ज्याला गोष्ट पुरी हवी आहे त्याने दारोदार फिरायचे. आजीने मला रोज जेवताना विचारले होते, “त्या गाणाऱ्या मुलीचं पुढे काय झालं?” आणि मी तिला रोज उत्तर देऊ शकले होते, कारण ते सगळे उत्तर त्या ३ मेगाबाइटमध्ये होते.

खेळ घडवण्याचा खर्च आता पूर्वीपेक्षा अनेक पटींनी वाढला आहे, हे मान्य.

पण खर्चाचे कारण मला २०१३ च्या ‘ऑल द ब्रेव्हेस्ट’बद्दल कोणी सांगू नये. तो फोनवरचा खेळ होता, त्यात पडद्यावर बोट फिरवण्यापलीकडे काही करायचे नव्हते, आणि जुन्या खेळांतली नावाजलेली पात्रे त्यात जवळपास एकेका डॉलरला विकायला ठेवली होती. तीही कोणते पात्र मिळेल हे आधी न सांगता, सोडत काढल्यासारखी. भाच्याने दुपारी विचारलेल्या प्रश्नाचे उत्तर या कंपनीने तो जन्माला येण्याच्या सुमारासच लिहून ठेवले होते. ज्या माणसांना भेटायला आम्ही चाळीस चाळीस तास चाललो त्यांना तुम्ही चिठ्ठ्यांत घातलेत, याचा मला आजही संताप येतो.

आणि २०२२ चे ते नववर्षाचे पत्र. १ जानेवारीला कंपनीचे तेव्हाचे अध्यक्ष योसुके मात्सुदा यांनी ब्लॉकचेन (व्यवहारांची सामाईक डिजिटल नोंदवही) आणि एनएफटी (त्या वहीत नोंदलेले, विकता येणारे डिजिटल मालकीपत्र) यांच्या भविष्यावर लांबलचक लिहिले आणि त्यात असेही कबूल केले की केवळ आनंदासाठी खेळणारे बहुसंख्य लोक या प्रकाराबद्दल साशंक आहेत. म्हणजे आपले गिऱ्हाईक कोण आहे हे त्यांना पुरते ठाऊक होते. त्याच वर्षी सातव्या भागाच्या पंचविसाव्या वर्षानिमित्त नायक क्लाउडची एनएफटी प्रमाणपत्रासह बाहुली विकायची घोषणा झाली. सातव्या भागाची गोष्ट आठवा. शिनरा नावाची कंपनी पृथ्वीचा जीवनरस उपसून विकते, आणि क्लाउड तिच्याविरुद्ध लढतो. हे ज्यांच्या घरात लिहिले गेले त्यांच्यापैकी कोणाचेच हात थरथरले नाहीत का? त्याच वर्षी ‘टूम रेडर’सारख्या मालिकांसह पाश्चात्त्य स्टुडिओ ३० कोटी डॉलरला विकून टाकले आणि त्या पैशांच्या विनियोगात ब्लॉकचेनचे नाव पुन्हा घेतले. ‘बॅबिलन्स फॉल’ मार्च २०२२ मध्ये आला आणि वर्षभरात सर्व्हरसकट बंद झाला. ‘मोबियस फायनल फॅन्टसी’ २०२० मध्ये गेला. असे खेळ बंद होतात तेव्हा त्यांचे काहीच मागे उरत नाही, ना सीडी, ना वही. ती गोष्ट पुन्हा कोणाला दाखवता येत नाही.

थोडे थांबून, पाणी पिऊन आले. रागात एक गोष्ट राहून गेली, आणि ती न सांगणे अप्रामाणिकपणाचे होईल.

चौदावा भाग, त्या दोन ऑनलाइन खेळांपैकी एक, २०१० मध्ये इतका वाईट निघाला की कंपनीने जाहीर माफी मागितली. मग नाओकी योशिदा यांच्याकडे तो सोपवला गेला. त्यांनी २०१२ च्या नोव्हेंबरमध्ये त्या खेळातले जगच एक चंद्र कोसळवून नष्ट केले आणि २०१३ च्या ऑगस्टमध्ये नवे उभे केले, आणि ते आजही नांदते आहे. हे धैर्य जुन्या स्क्वेअरचे होते. सहाव्या भागातही मध्यावर खलनायक केफ्का चक्क जिंकतो, जगाची राखरांगोळी होते आणि सेलेस एका निर्जन बेटावर जागी होते. ‘ऑक्टोपॅथ ट्रॅव्हलर’ चांगला होता. ‘निअर ऑटोमाटा’ तर मी दोनदा खेळले, जरी तो प्रत्यक्ष घडवला प्लॅटिनमगेम्सने. आणि भाच्याला आज मी जी आवृत्ती दाखवली, त्या २०२२ च्या सहाव्या भागात ऑपेराचे पद खऱ्या गायकांकडून सात भाषांत गाऊन घेतले आहे. ते काम ज्यांनी केले त्यांचा त्या प्रवेशावर जीव आहे, हे मला कबूल करावेच लागेल.

बेटाबद्दल लिहिलेच आहे तर तेही सांगते. तिथे सेलेससोबत सिड नावाचा एक वृद्ध असतो, तिला आजोबांच्या जागी. तो आजारी पडतो. तिने समुद्रातून मासे धरून त्याला खाऊ घालायचे असतात, आणि त्यातले चपळ मासे चांगले, संथ मासे वाईट, हे खेळ कुठेही सांगत नाही. मी हाताला लागतील ते, म्हणजे संथच, मासे घातले आणि सिड गेला. आजी शेजारी बसली होती. पुढच्या दृश्यात सेलेस कड्यावर जाऊन उभी राहते, तेव्हा आजीने माझ्या दंडाला धरले. सेलेस वाचते, आणि एका पक्ष्याच्या जखमेवर बांधलेल्या फडक्यावरून तिला कळते की आपले माणूस कुठेतरी जिवंत आहे. हे सगळे पाहून झाल्यावर आजी मला म्हणाली, “आजारी माणसाला काय घालतेस ते बघायचं नाही होय?” त्या रात्री ती माझ्याशी फारशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी मी जुन्या सेव्हवरून पुन्हा सुरुवात केली, चपळ मासे धरले आणि त्याला वाचवले. आजी पूजा अर्धी ठेवून ते पाहायला आली होती.

लहानपणचे सगळेच गोड वाटते, असे तुमच्यातले दोघे-तिघे खाली लिहितील. वाटत असेल. पण आजी तेव्हा एकाहत्तर वर्षांची होती, आणि ते तिचे लहानपण नव्हते.

मला स्क्वेअरकडून शंभर तासांचा खेळ नको आहे, चेहऱ्यावरचे रंध्र दिसणारी चित्रे नकोत, तीन खंडांत नव्याने घडवून विकायला काढलेला सातवा भागही मी सोसेन. मला एवढेच हवे आहे की त्या इमारतीत कोणीतरी पुन्हा म्हणावे, इथे एक ऑपेरा घालू या, आणि त्याला कोणी खपाचा अंदाज विचारू नये.

भाचा आतल्या खोलीत आहे. रंगपटातल्या ओळी न वाचताच तो रंगमंचावर गेला आणि आतापर्यंत दोनदा चुकला आहे. ओळी मी त्याला सांगितलेल्या नाहीत. मघाशी तो येऊन माझ्याकडून एक पेन आणि पाठकोरा कागद घेऊन गेला.