आमच्या प्रोसेसरसाठी उपलब्ध नाही

माझ्या लॅपटॉपमध्ये इंटेलचा किंवा एएमडीचा प्रोसेसर नसून मोबाइलमध्ये असतो तशा एआरएम जातीचा आहे आणि त्यावर मी विंडोजऐवजी लिनक्स ही संगणकप्रणाली वापरतो, एवढे सांगितले की जाणकाराच्या चेहऱ्यावर जो भाव उमटतो तो कौतुकाचा की सांत्वनाचा, हे मला अजून ठरवता आलेले नाही. ज्याला यातले काही ठाऊक नाही तो मात्र सरळ विचारतो, “चालतं का सगळं?” मी म्हणतो, “चालतं.” हे उत्तर खोटे नाही. लिनक्स चालतेच. हाल होतात ते लिनक्स सुरू झाल्यानंतर काहीतरी काम करण्याची इच्छा झाली तर.

वास्तविक लिनक्सने वाटेल तेथे चालावे, अशी त्याच्या जनकाचीही अपेक्षा नव्हती. लिनस टॉरवाल्ड्स यांनी ऑगस्ट १९९१ मध्ये आपल्या या छंदाची प्रथम वाच्यता केली, तेव्हा हे प्रकरण इंटेलच्या ३८६ प्रोसेसरशी बांधलेले आहे आणि ते दुसऱ्या यंत्रावर नेता येण्याजोगे नाही, असे त्यांनी स्वतःच बजावले होते. त्यानंतर १९९५ च्या १.२ या आवृत्तीत अल्फा, स्पार्क आणि मिप्स हे प्रोसेसर आत आले, मागोमाग पॉवरपीसी, एआरएम आणि आयबीएमचे मेनफ्रेम आले, २०१८ च्या ४.१५ आवृत्तीत रिस्क-फाइव्ह या नव्या जातीचा प्रोसेसर आला. एवढ्या गर्दीत ज्याच्यासाठी हा खटाटोप सुरू झाला त्या ३८६ ला २०१३ च्या ३.८ आवृत्तीपासून निरोप देण्यात आला. अमिगा आणि अटारी या संगणकांतले मोटोरोलाच्या ६८००० मालिकेतले प्रोसेसर मात्र अजून कर्नलमध्ये, म्हणजे लिनक्सच्या गाभ्यात, सुखाने नांदत आहेत. अशा उदार घराण्यात माझ्या लॅपटॉपचे कसे होईल याची काळजी करण्याचे मला काहीच कारण दिसले नव्हते.

पहिली अडचण ओळखीची निघाली. नेहमीच्या पीसीवर यंत्रात काय काय आहे आणि ते कोठे जोडले आहे, हे फर्मवेअर, म्हणजे यंत्रात आधीपासून बसवलेला प्रोग्राम, स्वतःहून कर्नलला सांगते. एआरएमच्या पुष्कळ यंत्रांत हा शिष्टाचार नाही. नव्या कारकुनाला कचेरीत आणून बसवावे आणि दप्तर कोणत्या कपाटात आहे, हे त्याने ओळखावे अशी अपेक्षा करावी, तशी कर्नलची अवस्था होते. म्हणून ‘डिव्हाइस ट्री’ नावाची एक फाइल त्याच्या हाती द्यावी लागते. कीबोर्ड कोणत्या तारेवर आहे, पडद्यामागचा दिवा कोणत्या पिनेने लागतो, कोणत्या भागाला किती व्होल्ट द्यायचे, असा सगळा तपशील तीत असतो आणि प्रत्येक मॉडेलची फाइल निराळी असते. माझ्या मॉडेलची फाइल कोणा सज्जनाने फावल्या वेळात लिहून ठेवली होती, त्याचे माझ्यावर अनंत उपकार आहेत. मात्र या सज्जनाला स्वतःचा चेहरा कोणाला दाखवण्याची हौस नसावी, कारण त्या फाइलीत कॅमेऱ्याचा उल्लेखच नव्हता. पडद्याच्या वर मधोमध बसवलेली ती काच मला दिसत होती, इतरांना दिसत होती, पण कर्नलच्या लेखी ती अस्तित्वातच नव्हती.

याचा परिणाम मीटिंगमध्ये व्हायचा. “जरा कॅमेरा सुरू करता का?” असे कोणी अदबीने विचारले की मी खरे कारण सांगत असे, म्हणजे कॅमेरा जागेवर आहे, परंतु त्याची नोंद झालेली नाही. यावर पलीकडे जी शांतता पसरे तिचा अर्थ, हा मनुष्य लोकांसमोर येण्याच्या स्थितीत नाही आणि सबबही धड सांगत नाही, असाच होता. स्पीकरचीही तीच गत होती, पण त्याबद्दल मी तक्रार करणार नाही. ॲपलच्या नव्या प्रोसेसरांवर लिनक्स आणणाऱ्या ‘असाही लिनक्स’ प्रकल्पातील मंडळींनी लॅपटॉपचे स्पीकर पुष्कळ काळ मुद्दाम बंद ठेवले होते, कारण आवाजाला वेळीच आवर घातला नाही तर आतले वेटोळे तापून जळू शकते. त्यासाठी वेटोळ्याच्या तापमानाचा सतत अंदाज घेणारा वेगळा प्रोग्राम त्यांनी लिहिला आणि मगच आवाज सुरू केला. हे वाचल्यापासून हेडफोन लावणे मला दूरदर्शीपणाचे वाटते.

आता सॉफ्टवेअरकडे वळतो, कारण खरा छळ तेथे आहे. डेबियनसारख्या वितरणाच्या, म्हणजे लिनक्स आणि इतर प्रोग्राम एकत्र बांधून देणाऱ्या संचाच्या, भांडारातून जे मिळते त्याबद्दल माझी काडीचीही तक्रार नाही. तेथे हजारो पॅकेजे एआरएमसाठी बांधून तयार असतात आणि निमूटपणे चालतात. ज्याचा सोर्स कोड, म्हणजे मूळ लिखाण, खुला आहे ते आज ना उद्या आपल्या यंत्रावर येते, हा माझा अनुभव आहे. प्रश्न येतो तो ज्यांचा कोड कंपनीच्या कुलपात आहे त्यांचा. अशा सॉफ्टवेअरच्या पानावर विंडोज, मॅक आणि लिनक्स अशी तीन बटणे असतात. तिसरे बटण पाहून मन भरून येते. फाइल उतरते, तिच्या नावाच्या शेवटी ‘एएमडी६४’ असते, म्हणजे ती इंटेल-एएमडीच्या प्रोसेसरांसाठीची असते, आणि ती बसवायला गेले की पॅकेजची जात तुमच्या यंत्राच्या जातीशी जुळत नाही, असे उत्तर मिळते. सोयरीक फिसकटल्याचे इतके स्पष्ट कारण एरवी कोणी देत नाही. पॅकेज सोलून आतला प्रोग्राम थेट चालवून पाहिला तर ‘एक्झेक फॉरमॅट एरर’ हे तीनच शब्द उमटतात. त्या तीन शब्दांत अपील नाही.

अपील नसले तरी पळवाटा आहेत. क्यूईएमयू, बॉक्स६४, फेक्स अशी साधने इंटेलसाठी लिहिलेल्या सूचना एकेक करून एआरएमच्या सूचनांत बदलत जातात आणि प्रोग्रामला आपण इंटेलवरच आहोत असा भास होतो. पैसे भरून पाहायच्या चित्रपटांची गोष्ट याहून सूक्ष्म आहे. ते दाखवण्यासाठी ब्राउझरला ‘वाइडवाइन’ नावाचा एक बंदिस्त घटक लागतो. साध्या लिनक्ससाठी तो अनेक वर्षे इंटेल जातीच्या प्रोसेसरांपुरताच मिळत होता, एआरएमसाठीचा मात्र क्रोमबुक लॅपटॉपांच्या क्रोमओएस या प्रणालीत होता. तेव्हा लोकांनी क्रोमओएसची अख्खी प्रत उतरवून तिच्या पोटातून तो घटक काढून आपल्या ब्राउझरला बसवण्याची रीत शोधली. मीही ती विधिपूर्वक पार पाडली. सगळे जुळून आले तेव्हा घरातली मंडळी दुसऱ्या यंत्रावर तोच चित्रपट संपवून झोपायला गेली होती.

या सगळ्यांवर कडी केली ती प्रिंटरने. आजकालच्या पुष्कळ प्रिंटरांना वेगळा ड्रायव्हर, म्हणजे त्यांची भाषा जाणणारा प्रोग्राम, लागत नाही, लिनक्स त्यांच्याशी ठरावीक नियमांनुसार थेट बोलते. माझा प्रिंटर त्या सुधारणेच्या आधीच्या पिढीतला. त्याच्या खोक्यावर लिनक्सचा उल्लेख आहे आणि तो खराही आहे, मात्र कंपनीने दिलेला ड्रायव्हर इंटेलसाठी, तोही ३२ बिटांचा, थेट ‘आय३८६’ या नावाने बांधलेला. छपाईची आज्ञा दिली की ‘फिल्टर फेल्ड’ एवढीच नोंद उमटायची. शेवटी क्यूईएमयूच्या मध्यस्थीने तो ड्रायव्हर चालवला. म्हणजे ज्या ३८६ ला कर्नलने केव्हाच रजा दिली त्याच्या नावाचे सोंग माझ्या आधुनिक प्रोसेसरने एक पान छापण्यासाठी घ्यावे, अशी व्यवस्था झाली. पान येते. ते येईपर्यंत त्यातला मजकूर हाताने लिहून होतो, पण अक्षर प्रिंटरचे चांगले आहे.

एवढ्यावर थांबावे तर फाइली साठवण्यासाठी मी रिस्क-फाइव्हचा एक छोटा बोर्डही मांडून ठेवला आहे. या जातीला डेबियनने २०२५ च्या १३ व्या आवृत्तीत अधिकृत स्थान दिले, त्यामुळे मी काही अगदीच अनवाणी फिरत नाही. या बोर्डाला घड्याळाची बॅटरी नाही. वीज गेली आणि आली की त्याच्या मते तारीख १ जानेवारी १९७० असते, कारण युनिक्सचा काळ तेथूनच मोजला जातो. खरी वेळ इंटरनेटवरून विचारून घ्यावी तर वेळेच्या सर्व्हरचा पत्ता आधी शोधावा लागतो, पत्ता सांगणाऱ्या सर्व्हरशी मी सुरक्षित जोडणी ठेवली आहे, त्या जोडणीसाठी त्याचे प्रमाणपत्र तपासावे लागते, आणि १९७० साली ते प्रमाणपत्र अजून लागू झालेले नसते. वेळ कळल्याशिवाय पत्ता नाही आणि पत्त्याशिवाय वेळ नाही. वेळेच्या सर्व्हरचा अंकी पत्ता फाइलीत लिहून टाकल्यावर हा तिढा सुटला.

कॅमेऱ्याची नोंद अखेर मीच लिहायला घेतली. त्याच जातीच्या दुसऱ्या एका लॅपटॉपची डिव्हाइस ट्री समोर ठेवून तार, पिना आणि व्होल्ट जुळवत गेलो आणि एके दिवशी कॅमेरा खरोखर लागला. मीटिंगमध्ये मी प्रथमच दिसलो, तो उलटा. डोके खाली आणि छत वर अशा अवस्थेत मी संपूर्ण अहवाल वाचून दाखवला तरी कोणी चकार शब्द काढला नाही. माझ्या लॅपटॉपबद्दल काहीही विचारले की उत्तर लांबते, हे एव्हाना सर्वांना माहीत झाले होते. कॅमेरा उलटा बसवलेला असल्यास डिव्हाइस ट्रीत तसे लिहिण्याची सोय असते. ‘रोटेशन’ या नोंदीपुढे १८० लिहिले आणि मी सुलटा झालो. मग सर्वांच्या उपयोगी पडावे म्हणून तो बदल मी कर्नलच्या मंडळींकडे पाठवून दिला. दोनच दिवसांत एका परीक्षकाचे अतिशय सभ्य उत्तर आले. कॅमेरा चालतो की नाही याबद्दल त्यात अवाक्षर नव्हते, फक्त माझी नोंद वर्णानुक्रमाने तिच्या जागी नसून ती तीन ओळी वर सरकवावी, अशी सूचना होती. ती सरकवून मी बदल पुन्हा पाठवला आहे.