पोरगं व्यसनाला लागू नये असं वाटतं ना? मग त्याच्याशी बोलूच नका

पोरगं आठवी-नववीत गेलं की पुण्यातल्या आईबापाला दोनच काळज्या, एक म्हणजे कुठला क्लास लावायचा आणि दुसरी म्हणजे संगत. क्लासचं सोपं असतं, फी भरली की विषय संपला. संगतीचं काय करायचं हे मात्र कोणी नीट सांगत नाही, म्हणून म्हटलं आपणच सांगून टाकू. पद्धत बिनखर्चाची आहे आणि आपल्या घरांतून आजोबा-पणजोबांपासून चालत आलेली आहे: मुलाशी बोलायचं नाही. म्हणजे "जेवलास का", "किती पडले", "फोन ठेव आधी" हे सगळं चालेल, त्याला बोलणं म्हणत नाहीत.

सुरुवात रात्रीच्या जेवणापासून करा. समजा मुलगी पोळीचा तुकडा मोडता मोडता सहज म्हणाली, "आई, आज क्लासला एकाने व्हेप आणलं होतं, हायलायटरसारखं दिसतं गं, आणि आंब्याचा वास येतो." इथे फार सांभाळायचं बरं का, कारण चुकून जरी "हो का? मग?" असं विचारलंत तर ती पुढचं सांगेल, कोणी आणलं, कोणी ओढून बघितलं, हिच्यापुढे कोणी धरलं का, हिला तेव्हा कसंतरी झालं का, ही काय म्हणाली, आणि भाजी गार होईल ती वेगळीच. त्यापेक्षा लगेच चमचा ताटात आपटा. "कोण तो? नाव सांग. त्याच्या आईचा नंबर दे. तू घेतलंस का? माझ्याकडे बघून सांग." बाबांनी त्याच क्षणी मोबाईलमधून मान वर काढून "उद्यापासून क्लास बंद" एवढंच म्हणायचं आणि पुन्हा मान खाली. झालं काम. यापुढे ती पोरगी जेवताना फक्त जेवेल.

आणि खरं सांगायचं तर घाबरायचं कारणच काय, व्हेप म्हणजे ई-सिगारेट, आणि तिच्यावर २०१९ पासून देशभर बंदी आहे, बनवायला बंदी, विकायला बंदी, साठवायला बंदी, जाहिरातीला बंदी. मग ती तुमच्या मुलीच्या क्लासमध्ये येईलच कशी? गुटखा महाराष्ट्रात २०१२ पासून बंद आहे आणि तेव्हापासून तो कोणाला कुठे दिसलाय का? सुट्टी सिगारेट विकायला आपल्या राज्यात २०२० मध्ये बंदी आली. शाळा-कॉलेजच्या १०० यार्डांच्या आत तंबाखू विकायचा नाही हे तर २००३ च्या कायद्यातच आहे. एकदा कॉलेजच्या गेटसमोरच्या टपरीवर जाऊन खात्री करून घ्या. "१८ वर्षांखालील व्यक्तीस तंबाखूजन्य पदार्थ विकणे हा दंडनीय अपराध आहे" असा बोर्ड असतो, त्याच्याच खिळ्याला दोरीने लायटर टांगलेला असतो, आणि त्या लायटरपाशी गणवेशाच्या शर्टावर जॅकेटची चेन गळ्यापर्यंत ओढलेली दोन पोरं उभी असतात, ती अर्थातच बोर्ड वाचायला आलेली असतात.

दारूचं तर विचारूच नका. महाराष्ट्रात बिअरला २१ आणि हार्ड दारूला २५ वर्षं पूर्ण लागतात, शिवाय परवाना लागतो, म्हणजे सतरा-अठरा वर्षांच्या मुलांचा प्रश्नच उद्भवत नाही. जो काही उद्भवला तो मे २०२४ मध्ये कल्याणीनगरला उद्भवला, गाडीच्या धडकेत दोन माणसं गेली, आणि दारू पिऊन ती चालवल्याचा आरोप असलेल्या सतरा वर्षांच्या मुलाला जामीन देताना अपघातांवर ३०० शब्दांचा निबंध लिहायला सांगितला गेला. नंतर ओरड झाली म्हणून तो आदेश बदलावा लागला ती गोष्ट वेगळी, पण निबंधावरची आपली श्रद्धा बघा किती खोल आहे. २६ जूनला अमली पदार्थविरोधी दिन असतो, तेव्हा शाळेने "व्यसन एक शाप" यावर निबंध लिहून घेतला, चार पोस्टर रंगवून घेतली आणि पावसात एक फेरी काढली की मुलं वर्षभराची सुरक्षित झाली असं समजायला हरकत नाही. मुलांना उलट काही विचारायचं असेल तर? वेळ संपलेली असते, पाहुण्यांचा सत्कार राहिलेला असतो.

आता मुख्य हत्यार. संस्कार!

"आपल्यात हे असलं नसतं" हे वाक्य पाठ करून ठेवा आणि मुलाने तोंड उघडलं की वापरा, कुठल्याही प्रश्नाला चालतं. हे वाक्य म्हणताना आजी कोपऱ्यात मशेरी लावत बसलेली असेल तर तिला थोडा वेळ आतल्या खोलीत पाठवा. मशेरीत तंबाखूच असतो, पण तो आजीचा असल्यामुळे दातांना चांगला असतो. श्रावण लागायच्या आधी गटारीला मामाच्या टेरेसवर सगळे जमतात तेव्हा मुलांना मुद्दाम बरोबर न्या. दहा वर्षांच्या पोराला शेंगदाण्यांची वाटी फिरवायला सांगा, खालून बर्फ आणायला पाठवा, त्याच्या हातात कोल्ड्रिंकचा ग्लास देऊन "हा बघा आमचा वाघ, हापण चिअर्स करणार" म्हणून फोटो काढा, फॅमिली ग्रुपवर टाका. त्याला सहावीतच कळतं की कुठल्या काकाला किती सोडा लागतो आणि चौथ्या पेगनंतर कोणता काका रडतो. मग तोच पोरगा सोळाव्या वर्षी बिअरचा वास मारत आला की कपाळाला हात लावायचा आणि म्हणायचं, कुठून शिकला हा हे सगळं?

उत्तर तयार असतंच. बाहेरून आलेल्यांकडून. पुणं आधी असं नव्हतं, हे सगळं बाहेरच्या पोरांनी आणलं, हे आपलं सोसायटीच्या कट्ट्यावरचं सर्वमान्य संशोधन आहे. आता १९८० च्या दशकात या शहरातली आपलीच पोरं गर्द, म्हणजे ब्राऊन शुगर, ओढून उद्ध्वस्त होत होती, त्यापायी अनिल आणि डॉ. अनिता अवचटांनी १९८६ मध्ये येरवड्याला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू केलं, त्याला पु. ल. आणि सुनीताबाईंनी पैशाची मदत केली, हा इतिहास मध्ये आणून उगाच कट्ट्याचा मूड घालवू नका. आणि कुरकुंभच्या एमआयडीसीत फेब्रुवारी २०२४ मध्ये पोलिसांनी शेकडो किलो एमडी (मेफेड्रोन नावाचं ड्रग) पकडलं, ते पुणे जिल्ह्यातच होतं हेपण विसरा.

बाहेरच्या पोरांवरून आठवलं, त्यांना मदत करायची असेल तर आपल्याला आणखी एक उत्तम काम करता येतं. लातूर-बीडकडचा एखादा मुलगा अकरावीला इकडे येतो, पेठेत कॉट बेसिसवर राहतो, वर्गात पहिल्याच दिवशी "पानी" म्हणतो. त्याला हसा. चांगलं खळखळून हसा, त्याच्या बोलण्याची नक्कल करा, तुमच्या मुलांनाही शिकवा. दोन महिन्यांत तो वर्गात बोलायचा बंद होईल, मग मेसमधून परत येताना टपरीवरचा कोणीतरी "काय भावा, कुठला तू?" असं त्याच्याच बोलीत विचारेल आणि अर्धी सिगारेट पुढे करेल. दोन महिन्यांत त्याला एवढं प्रेमाने कोणी विचारलेलं नसतं, तो नाही कसा म्हणणार सांगा. मग आपण म्हणायला मोकळे, बघा, बाहेरची पोरं.

मुलांना व्यसनापासून लांब कसं ठेवायचं यावर अमेरिकेत फार वेळ घालवलाय लोकांनी. १९८३ मध्ये लॉस एंजेलिसला डेअर नावाचा कार्यक्रम सुरू झाला, गणवेशातला पोलीस वर्गात येणार आणि ड्रग्ज वाईट असतात म्हणून सांगणार. आपल्याला आवडेल असाच अगदी. शाळांनी उचलून धरला, आईबाप खूश, टी-शर्ट निघाले, आणि मग अभ्यासांमागून अभ्यास आले की याने मुलांच्या व्यसनात जवळपास काहीच फरक पडत नाही. दरम्यान तिकडे अॅरिझोनात काही संवादशास्त्राच्या लोकांनी भलतंच केलं, मुलांनाच विचारलं, की बाबांनो तुमच्यापुढे कोणी असलं काही धरतं तेव्हा तुम्ही नक्की काय करता? मुलांच्या सांगण्यातून चार वाटा निघाल्या: सरळ नाही म्हणणं, नाही म्हणून कारण सांगणं, तशा जागी जायचंच टाळणं, आणि तिथून निघून जाणं. मग मुलांच्याच गोष्टींवर मोठ्या मुलांकडून व्हिडिओ बनवून घेतले, फिनिक्सच्या ३५ शाळांत त्याचे धडे करून बघितले, एक मेक्सिकन घरांतल्या मुलांच्या वळणाचा, एक गोऱ्या-काळ्या मुलांच्या वळणाचा आणि एक सगळ्यांची मिसळ. धडे घेतलेल्या मुलांमध्ये दारूचं प्रमाण न घेतलेल्यांपेक्षा कमी राहिलं, आणि मिसळीचा धडा कुठेही मागे पडला नाही. २००९ पासून डेअरनेही स्वतःचं जुनं पुस्तक मिटून हेच धडे घेतले. सगळीकडे सारखा परिणाम दिसलाय असं नाही, पण निदान मुलांना विचारून सुरुवात केली.

हे तुम्ही मनावर घेऊ नका. मुलाबरोबर बसून "कोणी आग्रह केला तर तू काय म्हणशील रे?" असं विचारायचं, तो म्हणाला "काय माहीत", मग आपणच मित्र बनून "घे ना भाई, एकदाच" म्हणायचं आणि त्याला हसत हसत चार उत्तरं सुचू द्यायची, म्हणजे केवढा वेळ गेला. शिवाय "आई फोन करतीये, रात्री निघायलाच लागेल, वैताग आहे नुसता" असं खोटं सांगून तो कुठून तरी सुटू शकेल आणि बदनाम तुम्ही व्हाल. कशाला?

संस्कृतीकडे परत येऊ, कारण ती वाचवायची आहे. पोरगा म्हणाला ढोलपथकात जायचंय, तर नाही म्हणा, दहावी आहे. (तिथेही पथक बघूनच पाठवावं हे खरंय, पण आपण बघायला जात नाही, आपण नाहीच म्हणतो.) दिवाळीत पार्किंगमध्ये किल्ला करतो म्हणाला तर माती सांडते, सोसायटीचा नियम आहे. मित्रांबरोबर सिंहगड चढून जातो म्हणाला तर रविवारी टेस्ट सिरीज. तबला आठवीत सुटला, कबड्डी त्याआधीच, गावच्या जत्रेला तर आपल्यालाच जायला वेळ नसतो. अशी एकेक गोष्ट, जिथे त्याला घाम गाळून चार जणांत आपलं काहीतरी आहे असं वाटलं असतं, ती काढून घ्यायची आणि मग रिकाम्या झालेल्या पोराला समोर बसवून महाराजांचा महाराष्ट्र, संतांची भूमी यावर वीस मिनिटं ऐकवायचं. तो मान हलवेल. मान हलवणं म्हणजे पटणं, हे आपल्याला माहितीच आहे.

खोली तपासत जाऊ नका, पण तपासलीत तर फक्त सिगारेटच शोधा. व्हाईटनर, पंक्चरचं सोल्यूशन वगैरे दिसलं तर प्रोजेक्टचं असेल म्हणून जागेवर ठेवा. २०१९ मध्ये एम्सने केलेला देशपातळीवरचा सर्व्हे आला, त्यात हुंगायच्या वस्तू हा एकच नशेचा प्रकार असा निघाला की ज्यात मोठ्यांपेक्षा लहान मुलांचं प्रमाण जास्त आहे, पण ती मुलं स्टेशनवरची असणार, आपल्या घरात प्रोजेक्टच असतात. पोरगा एकाएकी क्रिकेट बघायचा बंद झाला, जुने मित्र यायचे थांबले, पाकिटातल्या नोटा कमी भरायला लागल्या, तरी टक्के पडतायत ना? मग वय आहे ते.

आणि इतकं सगळं नीट करूनही एखाद्या दिवशी कॉलेजमधून फोन आलाच, तर सगळ्यात आधी दरवाजा लावा म्हणजे शेजारी ऐकणार नाहीत. मग एकमेकांना बोला, "तुझ्या लाडाने झालं", "तुम्ही कधी घरी होता?", यात आठवडाभर जाऊ द्या. १४४४६ ही सरकारची व्यसनमुक्तीची फुकट हेल्पलाईन आहे, तो नंबर सेव्ह करायचाच असेल तर "प्लंबर" म्हणून करा. समुपदेशकाकडे जायचं तर निदान आपल्या भागातला नको, औंधात राहणाऱ्याने हडपसरला जावं. भरती करायची पाळी आली तर घरात काय सांगायचं ते आधी ठरवून घ्या, म्हणजे आजीला एक आणि मावशीला दुसरं असं होत नाही. सगळ्यात सोयीचं म्हणजे बंगलोरला इंटर्नशिप. लग्नकार्यात कोणी विचारलं तर न अडखळता सांगा, इंटर्नशिपला गेलाय, कंपनीत रेंज नसते. आणि समोरच्या वहिनी एकदम गप्प होऊन म्हणाल्या, "हो का, आमचापण तिकडेच आहे," तर पुढे काही विचारू नका, जिलबी घ्या.